शब्दचर्चा : 'साउंडप्रूफ'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहाच्या दुरुस्तीचा अहवाल लिहिते आहे. कार्यकारिणीला तो मराठीतच हवा. त्यांच्या पत्रात मागणी एवढीच : 'हॉल साउंडप्रूफ करून मिळावा.' ह्याला 'ध्वनिरोधक' चालेल का? आणि रिव्हर्बरेशनला, म्हणजे आवाज घुमत राहण्याला, काय लिहू? कुणी अनुरणन सांगतं, कुणी निनाद, कुणी सरळ प्रतिध्वनी.

प्रतिसाद

ताई, शब्द नंतर बघू. आधी संस्थेला विचारा, त्रास नक्की कशाचा आहे? बाहेरची वरात आत ऐकू येते, की आतलं भाषणच कळत नाही? दोन्हींना लोक 'साउंडप्रूफ'च म्हणतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

बाहेरचा आवाज अडवायचा तर ते ध्वनिरोधन. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण 6 डेसिबल जास्त अडतात, म्हणजे फार नाही. उलट नऊ इंची विटांच्या भिंतीत क्षेत्रफळाच्या 1 टक्का जरी उघडी फट राहिली, तर अख्खी भिंत 20 डेसिबलच्या पलीकडे जात नाही. दाराखालची फट तशीच ठेवून भिंतीवर खर्च करणारे खूप बघितले.

आत घुमणारा आवाज कमी करायचा तर ते ध्वनिशोषण. तिथे ग्लासवूल, भोकांचे जिप्सम बोर्ड, जाड पडदे, गादीच्या खुर्च्या. लोक फोम चिकटवतात नि शेजारचा डीजे थांबेल म्हणून वाट बघतात. स्पंजाने सांडलेलं पाणी टिपता येतं, त्याचा बांध घालून नाग नदी अडत नाही. तेव्हा अहवालात 'ध्वनिरोधक' आणि 'ध्वनिशोषक' हे दोन्ही शब्द ठेवा, आणि एकाच्या जागी दुसरा येऊ देऊ नका.

प्रतिसाद

आमच्याकडे मिस्त्रीपासून माइकवाल्यापर्यंत सगळे 'आवाज घुमून राहिला' म्हणतात. कार्यकारिणीलाही तेच कळेल. अनुरणन लिहिलं तर काका लोक विचारतील, हे काय होय बाप्पा?

प्रतिसाद

'घुमणे' क्रियापद म्हणून उत्तमच, पण तक्त्यात नाम लागतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'निनाद' आहे. माझा आक्षेप असा, की निनाद म्हटलं की कानात घंटा वाजते, आणि ती गोड वाजते. 'सभागृहात निनाद अधिक आहे' हे वाचून एखादे अध्यक्ष खूशच व्हायचे! अनुरणनाला अशी चव नाही, म्हणून अहवालाला तेच बरं.

प्रतिध्वनी मात्र वेगळा. मूळ आवाज संपल्यावर तो सुटा, दुसऱ्यांदा ऐकू येतो. शाळेत शिकवतात ती भिंत सुमारे 17 मीटर दूर असण्याची अट त्यासाठीच. अनुरणनात परतलेले आवाज एकमेकांत मिसळून शेपूट लांबते आणि शब्द पुसट होतात. 'पडसाद' आता वर्तमानपत्रांनी राजकारणाला देऊन टाकलाय.

प्रतिसाद (पहिलाच, पुन्हा)

अनुरणनाला माझंही मत. त्यातून 'अनुरणनकाळ' सरळ तयार होतो : आवाज बंद केल्यावर त्याची पातळी 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन हा भौतिकशास्त्रज्ञ 1895 पासून ह्याच्या मागे लागला होता. तिथल्या नव्या व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते, आणि हा दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणून, ऑर्गनची नळी वाजवून, घड्याळ लावून मोजत बसायचा. त्याचं सूत्र आजही वापरतो : 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. शोषण मोजायला त्याने एकक घेतलं उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

तुमचा हॉल समजा 20 मीटर लांब, 12 रुंद, 5 उंच. घनफळ 1200, सगळे पृष्ठभाग मिळून 800 चौरस मीटर. प्लास्टर आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम 3 टक्के भाग शोषतात असं धरलं, तर शोषण 24 आणि अनुरणनकाळ 8 सेकंद. आता 300 माणसं बसवा, प्रत्येकाचं शोषण 0.45 चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं धरा. शोषण होतं 159, काळ उतरतो 1.2 सेकंदावर. म्हणूनच सकाळी रिकाम्या हॉलात माइक तपासणारा घाबरतो आणि संध्याकाळी कुणाची तक्रार नसते. पण पन्नासच लोक आले तर काळ 4 सेकंदांच्या आसपास राहतो, भाषण कळत नाही. गादीच्या खुर्च्या घ्यायच्या त्या अशा दिवसासाठी. रिकामी खुर्चीही माणसाच्या बरंचसं जवळ शोषते.

प्रतिसाद

एक भर. 'ध्वनिव्यवस्था' हा शब्द टाळा. सुरेश भट सभागृह असो की देशपांडे सभागृह, 'ध्वनिव्यवस्था कशी आहे' असं विचारलं की लोक स्पीकर-माइकबद्दलच बोलतात, वास्तूबद्दल नाही. आम्ही नाटकवाले विचारतो, 'शेवटच्या रांगेत कुजबूज पोचते का?' वास्तूच्या ह्या गुणाला 'श्राव्यता' म्हणा.

प्रतिसाद

कूलरचं काय करणार? एप्रिल-मेमध्ये कूलर लावले की खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात, नाहीतर दमट होतं. मग कसलं ध्वनिरोधन! वर त्याची स्वतःची घरघर.

प्रश्नकर्ती

संस्थेला फोन केला. तक्रार घुमण्याचीच आहे, शिवाय वरच्या वर्गातले बेंच सरकवल्याचा आवाज खाली येतो. म्हणजे शीर्षकात 'ध्वनिशोषण', तक्त्यात 'अनुरणनकाळ', आणि पहिल्या उल्लेखाला 'आवाज घुमत राहण्याचा वेळ' असं लिहिते. बेंचच्या आवाजाला 'आघातध्वनी' लिहू का?

प्रतिसाद

चालेल. पण छताला खालून काही चिकटवून तो फारसा जाणार नाही हेही लिहा. बेंचच्या पायांना रबरी टोप्या, ते पहिलं काम.