गाणं भिडलं, भावलं की लागलं?

पितळी डबा: एका गटासाठी प्रश्नावली मराठीत करते आहे. नवरा गेलेला, मुलं परगावी, घर सुटलेलं, अशा बायकांसाठी. मूळ इंग्रजीत 'कनेक्ट' आहे. मी लिहिलं, 'या काळात कोणतं गाणं तुम्हाला भिडलं?' तपासणाऱ्या बाईंनी 'भिडलं' खोडून 'भावलं' केलं. म्हणाल्या, भिडतात ते पैलवान. मला 'भावलं' पटत नाही. साडीचा रंग भावतो. गेल्या वर्षी आई गेल्यावर गावचं घर आवरत होते. फडताळातले डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होते, तेवढ्यात शेजारी रेडिओवर एक जुनं भावगीत लागलं. शंभरदा कानावरून गेलेलं. दुसऱ्या ओळीला झाकण हातात तसंच राहिलं आणि मी फरशीवर बसले. डबा अजून उघडाच ठेवलाय. त्या क्षणी जे झालं त्याचं क्रियापद हवंय.

कानामात्रा: आक्षेप अर्धाच खरा आहे. इमारती गगनाला भिडतात, दाराला दार भिडतं, तिथे कुठली कुस्ती? पण 'काळजाला भिडलं' असं पूर्ण म्हणा. नुसतं 'मला भिडलं' ही अलीकडची सवय आहे आणि ती मला खटकते.

रात्रपाळी: 'रिलेट' का नको? नोकरी सोडून बंगळूरला आलो तेव्हा वर्षभर तीनच गाणी ऐकत होतो. मित्राला सांगितलं, 'ही गाणी मला फार रिलेट होतात.' त्याला लगेच कळलं.

कानामात्रा: कळलं म्हणून मराठी झालं का? आपल्याकडे शब्द असताना उसने का आणायचे?

नदीकाठ: थांबा, रात्रपाळींचं वाक्य पुन्हा वाचा. इंग्रजीत माणूस गाण्याशी रिलेट होतो. इथे गाणं 'मला' रिलेट होतं. मला भूक लागते, मला आठवतं, मला रडू येतं, त्याच रांगेत जाऊन बसलंय. करणारं गाणं, आपल्यावर ते येतं. शब्द उसना असेल, वाक्य पक्कं मराठी आहे. आणि पितळी डबा, तुमचं क्रियापद तुम्हीच लिहून गेलात: रेडिओवर गाणं 'लागलं'. ठेच लागते, शब्द लागतो, हुरहूर लागते, लळा लागतो. ते गाणं तुम्हाला लागलं.

पितळी डबा: अंगावर काटा आला. पण प्रश्नावलीत 'कोणतं गाणं लागलं?' लिहिलं तर बायका रेडिओचा कार्यक्रम सांगतील!

मांडवीपल्याड: आमच्याकडे गोव्यात 'काळजाक लागलें' म्हणतात. काळीज जोडलं की घोटाळा राहत नाही.

जातं: या बायकांना 'कोणतं गाणं' असं विचारणंच मला पटत नाही. माझी आजी ऐकायची नाही, म्हणायची. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण उगाच नाही. सासरी आलेली पोर मनातलं जात्याला सांगायची, माहेरचं, भावाचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या १,००,००० हून जास्त ओव्या जमवल्या, त्यातही हेच सापडतं. तिथे गाण्याशी जुळायचं कसलं? गाणं तिचंच. आजोबा गेल्यावर आजीने गिरणीतून पीठ आणलेलं असूनही पहाटे जातं मांडलं होतं. मूठभर ज्वारी दळली, चार ओव्या म्हटल्या आणि उठली. 'कोणती ओवी तोंडी येते?' असं विचारा.

रात्रपाळी: आजच्या चाळिशीच्या बाईकडे जातं कुठे आहे? तिच्याकडे फोन आहे.

नदीकाठ: आणखी एक. 'लागणे' आणि 'लग्न' एकाच घरचे. संस्कृत लग्, त्याचं लग्न म्हणजे चिकटलेलं, प्राकृतात लग्ग, तिथून आपलं लागणं. म्हणजे गाणं लागतं ते माणूस माणसाला लागावं तसंच.

कानामात्रा: धातू एकच, पण लग्न म्हणजे विवाह हा अर्थ ज्योतिषातून आलाय. पूर्व क्षितिजाला लागलेली रास ते लग्न, त्यावरून मुहूर्त, त्यावरून विवाह. दोन माणसं चिकटली वगैरे गोड कल्पना आहे, व्युत्पत्ती नाही.

नदीकाठ: मग 'लग्न लागलं' असं का म्हणतो? मुहूर्त लागला म्हणूनच ना? वेळ लागली, सूर लागला, गाणं लागलं. माझं म्हणणं उलट पक्कंच झालं.

मांडवीपल्याड: लग्न लागतं तेही गाऊनच! माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं काकू म्हणणार होती. महिनाभर सराव. अंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या आणि काकूचा आवाजच लागेना. पहिलं कडवं निम्म्यात सोडून ती माझ्या खांद्यावर टेकली, पुढचं आत्याने उचललं. आत्याला पाठ नव्हतं, तिने दुसऱ्याच चालीत म्हटलं. तुमच्याकडे मंगलाष्टकं भटजी म्हणतात की घरच्या बायका?

जातं: बायका. आणि चाल प्रत्येक घराची वेगळी.