स्वस्तातला व्हीगन स्वयंपाक आणि घरीच केलेली साफसफाईची द्रव्यं : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
व्हीगन खाणं (म्हणजे दूध-अंडी-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीही नाही) महाग पडतं हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी धागाच काढला. महाग पडतं ते पाकिटातलं, म्हणजे नकली चीज, नकली मांस, तयार बदामाचं दूध वगैरे. डाळी, कडधान्यं, तेलबिया आणि हंगामातल्या भाज्या यांच्यावर स्वयंपाक उभा केला तर त्याच्याइतकं स्वस्त काहीच नाही असं माझं ठाम मत आहे. साफसफाईचंही तेच, सिंकला एक बाटली, फरशीला दुसरी, काचेला तिसरी याची काही गरज नसते. तर ज्यांना जे जमलंय ते लिहा, पण प्रमाणासकट लिहा हं, नुसतं "मस्त होतं" नको.

सोयासखी
मी सोयाबीनवर लिहिते कारण आमच्या घरातलं दूध, टोफू आणि निम्म्या भाज्या त्यातूनच निघतात. एक वाटी कोरडं सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, साल चोळून जितकी निघेल तितकी काढायची (सगळी निघाली नाही तरी चालतं) आणि मिक्सरला लावताना गार नाही तर कडकडीत गरम पाणी घालायचं. सोयाबीनच्या ज्या उग्र वासामुळे लोक नाक मुरडतात तो वाटताना एका एन्झाइममुळे तयार होतो आणि गरम पाण्यात ते एन्झाइम निकामी होतं, एवढा एक बदल केला तरी चवीत खूप फरक पडतो. एकूण सहा-सात वाट्या पाणी. मग पातळ कापडातून पिळून गाळायचं आणि दूध उकळायचं. इथे घाई नको, कारण हे दूध खरं उकळायच्या आधीच फेस काढून वर येतं आणि आपल्याला वाटतं झालं. तसं नसतं, उकळी फुटल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत ठेवायचं, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात ते त्या उष्णतेने जातात.

टोफू करायचा असेल तर गॅस बंद करून दोन-चार मिनिटं थांबायचं आणि मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा, जोरात ढवळायचं नाही, हिरवट पाणी वेगळं दिसलं की थांबायचं आणि कापडात बांधून वर वजन ठेवायचं.

आणि चोथा!! तो फेकला तर अर्धा फायदाच गेला. कोरडा परतून पिठात मळा, कटलेटमध्ये घाला, सूप दाट करायला वापरा. फक्त तो फार लवकर आंबतो, फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये.

बरणीभर
सोयासखीताई, गरम पाण्याचं माहीत नव्हतं, लगेच करून बघणार. माझ्याकडून काबुली चण्यांच्या पाण्याबद्दल. भिजवलेलं पाणी टाकायचं पण शिजवलेलं ठेवायचं. २०१४ मध्ये फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी त्याचा फेस होतो हे दाखवलं, २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी नुसतं ते पाणी आणि साखर यांची मरँग (एरवी अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाची होणारी हलकी मिठाई) करून दाखवली आणि ॲक्वाफाबा हे नाव दिलं. घरी शिजवलेल्या चण्यांचं पाणी पातळ असतं, ते आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं चिकट करायचं आणि गार झालं की फेटायचं. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. केकला मी मात्र जवसच वापरते, एक चमचा पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत होतं. पूड एकदम खूप करून ठेवू नका, खवट होते.

मंदआच
कडधान्यं शिजत नाहीत अशी तक्रार असते ना, त्यात बहुतेकदा टोमॅटो किंवा लिंबू लवकर घातलेलं असतं, नाहीतर पाणी जड असतं. आंबट शेवटी घाला. चिमूटभर खायचा सोडा घातला की सालं मऊ पडतात, जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

राजम्याबद्दल मात्र मनापासून सांगतो, भिजवलेलं पाणी टाका आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळू द्या. कच्च्या लाल राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने चांगलीच उलटी-जुलाब होतात, आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये थेट टाकला तर ते नष्ट होत नाही. प्रेशर कुकरला काळजी नाही.

उन्हातलीवाळवण
मला साफसफाईवर लिहायचंय. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटली भरून ठेवायची असं सगळीकडे सांगतात, फसफसतं म्हणून जोरदार वाटतं, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि हातात राहतं जवळपास नुसतं खारट पाणी. बंद बाटलीत तर गॅस साठून ती फुटू शकते. वेगवेगळं वापरा. सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चिकट ओट्यावर, आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड नळावरच्या पांढऱ्या डागांवर, किटलीतल्या क्षारांवर. एक लिटर पाण्याला एक-दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, उकळून अर्धा तास ठेवा, किटली चकाचक. संगमरवरावर आम्ल अजिबात नको, पॉलिश जाते.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा, ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक काहीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. नैसर्गिक आहे म्हणून कशातही ओतलं तर चालतं असं नाही.

सालपापुद्रे
संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं साफसफाईचं द्रव, कोणी लिहिलं नाही अजून? थायलंडच्या रोसुकोन पूमपानवोंग यांच्यामुळे हे प्रमाण जगभर पोचलं, एक भाग गूळ किंवा ब्राऊन शुगर, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. डबा प्लास्टिकचाच घ्या आणि वर जागा सोडा, पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्या. मी गाळून फरशीच्या पाण्यात थोडंसं घालते आणि बाथरूमच्या टाइल्सना पुसते, चिकटपणा छान निघतो. पण ते जंतुनाशक नाही, घरात कोणी आजारी असेल तर त्याच्यावर विसंबू नका. उरलेला गाळ कंपोस्टमध्ये.

धागाकर्ती
किती छान लिहिताय सगळे! एक विचारते, भांड्याच्या साबणाचं काय? बाजारातल्या साबणात प्राण्यांची चरबी असू शकते ना?

उन्हातलीवाळवण
हो ताई, पाकिटावर सोडियम टॅलोएट दिसलं की चरबी समजा. कपड्यांना मी रिठे वापरते, उकळून, गाळून, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतात. फेस कमी येतो म्हणून घाबरू नका, फेस आणि स्वच्छता एकच नाही. आणि अन्न गुंडाळायची मेणाची कापडं घेताना बघा, बहुतेक मधमाश्यांच्या मेणाची असतात, सोया मेणाची किंवा कॅन्डेलिला नावाच्या झुडपाच्या मेणाची घ्या.

शांतपाणी
मांजर असणाऱ्यांनी टी ट्री ऑइल फरशीच्या पाण्यात घालू नये, मांजरांना ते विषारी असतं.

हिरवीगार
सगळं वाचलं, फार आवडलं, पण बी१२ जीवनसत्त्वावर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वनस्पतीत भरवशाचं बी१२ नसतं. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं रूप. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं, ते गोळीतून किंवा बी१२ वरून घातलेल्या पदार्थातूनच घ्यावं लागतं, आणि गोळी काही महाग प्रकार नाही. आपल्या जेवणात फोलेट भरपूर असतं त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट बरा दिसतो आणि तिकडे नसांचं नुकसान चालूच राहू शकतं, म्हणून वाट बघू नका, तपासून घ्या. लोहासाठी मात्र बऱ्याचदा स्वयंपाकघरच पुरतं, मसुरावर लिंबू पिळा आणि चहा जेवणाला लागून पिऊ नका, तासभर तरी अंतर ठेवा.

सोयासखी
हिरवीगार, बरं झालं लिहिलंत. टोफूबद्दल राहिलंच होतं, लिंबाऐवजी खाण्याच्या प्रतीचं कॅल्शियम सल्फेट वापरलं तर कॅल्शियमही वाढतं आणि टोफू मऊ लागतो. कोणी करून बघितलं तर प्रमाण इथेच लिहा.