ऊन फुकट, पण पडदा धुणार कोण?

खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायला ऊन फुकट मिळतं, मग काचेच्या उतरत्या झाकणाची साधी टाकी (उन्हाने पाण्याची वाफ होते आणि ती काचेवर गार होऊन गोडं पाणी म्हणून ओघळते) सोडून आरओच्या, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणाऱ्या यंत्राच्या, भानगडीत कशाला पडायचं, असं काही जण विचारतात. हा मुद्दा मला अर्धाच पटला.

एक लीटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट उष्णता खर्ची पडते. म्हणून कडक उन्हातही चौरस मीटरमागे दिवसाला तीन-चार लीटरच हाती लागतात. चिलीत लास सालिनासला १८७२ मध्ये असा प्रकल्प उभा राहिला, तो कित्येक वर्षं चालला. पण त्यासाठी चार हजारांहून जास्त चौरस मीटर काच अंथरावी लागली! शिवाय काळ्या तळावर मिठाचा पांढरा थर धरला की ऊन परावर्तित होतं, म्हणजे तो सतत खरवडायचा.

ऊर्जा परत मिळवणारं यंत्र जोडलेलं असेल तर आरओला समुद्राच्या पाण्यापासून हजार लीटर गोडं पाणी काढायला तीन-चार युनिट वीज पुरते. फरक केवढा बघा. मात्र सौर विजेवर चालणाऱ्या आरओचा पंप रोज संध्याकाळी थांबतो, आणि थांबण्याआधी पडदा गोड्या पाण्याने धुतला नाही तर त्यावर क्षार आणि शेवाळासारखा बुळबुळीत थर बसतो. पॅनेल वर्षानुवर्षं टिकतं, पडदा निष्काळजीपणाने काही महिन्यांत जातो. त्यामुळे गावात असा आरओ बसवायला पैसे मंजूर करताना गावातल्याच दोघांचं प्रशिक्षण आणि पगार आधी धरा, असं मला कळकळीने वाटतं.