ऑफिस : अपग्रेड घ्यायचं की फुल व्हर्जन?

जुनी_खातेवही :
मंडळी जरा सल्ला हवाय. आमच्याकडे सहा मशीन आहेत, चारवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१९ आणि दोनवर २०१६. दोन्हीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, म्हणजे सिक्युरिटी अपडेट बंद, आणि पार्टनर रोज मागे लागलाय की सबस्क्रिप्शन घेऊन टाकू. मला दर महिन्याला पैसे मोजायचं जिवावर येतं. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे आधीचं लायसन्स आहे ना, मग स्वस्तातलं अपग्रेड घेऊ, फुल व्हर्जनचे (एकरकमी विकत घ्यायचं पूर्ण ऑफिस) पैसे परत कशाला? २००७ च्या वेळी मी अपग्रेडचाच डबा आणलेला, २००३ होतं त्यावर टाकला, विषय संपला.

बारा_टॅब :
काका कुठल्या काळात आहात 😄 अपग्रेडची वेगळी किंमत २०१० च्या ऑफिसपासूनच गेली. आज २०१९ असो नाहीतर काहीच नसो, २०२४ घ्यायचं तर पूर्ण किंमत. आणि २०२४ च्या पुढचं कधी आलं तर त्यालाही पूर्णच.

जुनी_खातेवही :
च्यायला. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला काहीच नाही?

रिबनविरोधी :
नाही, पण त्या अपग्रेडच्या डब्याचं उगाच कौतुक नको हां. स्वस्त होता पण जुनं आणि नवं मिळून लायसन्स एकच धरलं जायचं, त्यामुळे जुनं काढून भाच्याला देऊ शकत नव्हता तुम्ही. शिवाय मशीन फॉरमॅट केलं की २००७ टाकताना तो जुन्या ऑफिसचा पुरावा मागायचा. माझी २००३ ची सीडी घर बदलताना हरवली (चूक माझीच) आणि नवी सीडी हातात धरून मी नुसता बसलोय. फुल व्हर्जनवाल्याला ही भानगडच नव्हती.

बारा_टॅब :
म्हणूनच म्हणतो सबस्क्रिप्शन घ्या, आजच्या काळातलं अपग्रेड तेच आहे, नवीन आलं की आपोआप मिळतं. आणि फुल व्हर्जनवाल्यांनो जरा हिशेब बघा, ऑफिस २००७ ला १० ऑक्टोबर २०१७ पर्यंत सपोर्ट होता, म्हणजे दहा वर्षांच्या वर. २०१९ ला साधारण सातच मिळाली. २०२१ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो आणि २०२४ चा ९ ऑक्टोबर २०२९ ला, म्हणजे पाच पाच. किंमत फुल आणि आयुष्य अर्धं, याला "एकदाच घेतलं" कसं म्हणायचं? तेसुद्धा भाडंच आहे, फक्त पाच वर्षांचं एकदम भरताय. आणि उशिरा घेतलं तर पाचही मिळत नाहीत, कारण घड्याळ तुमच्या खरेदीपासून नाही, ते व्हर्जन बाजारात आल्यापासून चालू होतं.

रिबनविरोधी :
सपोर्ट संपला म्हणून फुल व्हर्जन बंद पडत नाही पण. धोका वाढतो, मान्य, बाहेरून आलेल्या फाइल उघडणाऱ्या मशीनवर मी तरी ठेवणार नाही. पण एखाद्या महिन्यात पैसे नाहीत असं झालं तर सबस्क्रिप्शनवाल्याचं काय होतं? मुदत संपल्यावर काही दिवसांनी एक्सेल फक्त बघण्यापुरतं आणि प्रिंटपुरतं राहतं, एडिट बंद, नवीन फाइल बंद. स्वतःच्याच खातेवहीत एक आकडा बदलता येत नाही. धंदा मंदीत असताना नेमकं हेच नको असतं.

हिरवा_सेल :
लिब्रेऑफिस टाका, ऑफिससारखंच पण फुकट आहे, भांडण मिटलं.

बारा_टॅब :
पत्रं वगैरे लिहायला छान आहे. एक्सेलचे मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असतील तर बसा मग तपासत.

जुनी_खातेवही :
मॅक्रो आहेत. बिलाची अख्खी शीट त्यावर चालते, लिहिणारा मुलगा सोडून गेला.

दोन_स्क्रीन :
सगळे महिना की एकरकमी यावरच भांडताय, खरा प्रश्न कोणी विचारतच नाहीये. काका, मशीन सहा, पण माणसं किती? फुल व्हर्जन मशीनला लागतं, एक लायसन्स एक कॉम्प्युटर, त्यावर कोणी का बसेना. धंद्याचं सबस्क्रिप्शन माणसाला लागतं, एक माणूस पाच कॉम्प्युटरवर टाकू शकतो पण प्रत्येक माणसाचं वेगळं हवं. घरच्यांसाठीचं सबस्क्रिप्शन, म्हणजे फॅमिली प्लॅन, धंद्यासाठी नाही, तो डोक्यातून काढा.

जुनी_खातेवही :
दोन पाळ्या आहेत हो आमच्याकडे. सहा मशीनवर मिळून अकरा जण बसतात.

दोन_स्क्रीन :
झालं की मग. अकरा जणांचं भाडं की सहा मशीनचं फुल, ते आधी कागदावर मांडा. एका फुलची किंमत भागिले एका माणसाचं वर्षाचं भाडं, किती वर्षं येतात बघा, आणि २०२९ पर्यंत उरलेली वर्षं त्याहून जास्त आहेत का ते बघा. तुमच्याकडे एका मशीनमागे जवळपास दोन माणसं, त्यामुळे फुल आणखी लवकर वसूल होईल. मशीन कमी आणि एकच माणूस लॅपटॉप घेऊन फिरणारा असता तर मीच सबस्क्रिप्शन म्हणालो असतो.

बारा_टॅब :
दोन पाळ्या आधी सांगितल्या असत्या तर मी एवढं टायपलंच नसतं 🙏 पण पार्टनर दुकानातून, घरून, लॅपटॉपवर असं तीन ठिकाणी काम करत असेल तर त्याचं एकट्याचं तरी सबस्क्रिप्शन घ्याच. आणि २०२१ कोणी स्वस्तात देत असेल तर भुलू नका, वर तारीख लिहिलीय.

रिबनविरोधी :
विंडोज कुठली आहे? २०२४ ला १० किंवा ११ लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नाहीतर ऑफिस नवं आणि खाली पाया जुना.

जुनी_खातेवही :
पाचवर ११ आहे, एक जुनं आहे त्यावर सध्या काहीच घेत नाही, ते फक्त प्रिंटला ठेवतो आणि नेट काढून टाकतो. म्हणजे पाच फुल आणि पार्टनरचं एक सबस्क्रिप्शन. पार्टनरला वाटतंय तोच जिंकला. आता एक सांगा, ऑफिस टाकताना त्याचा ३२ बिट प्रकार की ६४? आत्ताचं सगळं ३२ आहे.

दोन_स्क्रीन :
आपोआप ६४ येतं, निवडलं तरच ३२. आधी ती बिलाची शीट उघडा, ऑल्ट एफ ११ दाबा, मॅक्रोचा कोड दिसेल, त्यात "डिक्लेअर" (Declare) शब्द शोधा. सापडला आणि त्याच्यापुढे "पीटीआरसेफ" (PtrSafe, म्हणजे ६४ वर चालेल अशी खूण) नसेल तर ६४ वर ती ओळ लाल होणार, मॅक्रो चालणार नाही.

जुनी_खातेवही :
सात ठिकाणी आहे. पुढे पीटीआरसेफ एकातही नाही.

दोन_स्क्रीन :
मग आत्ता ३२ टाका आणि त्या मुलाचा नंबर शोधा.