अक्कलदाढ काढल्यानंतर धावण्याचा सराव केव्हा सुरू करावा आणि तोपर्यंत काय खावे?

प्रश्न – भरतीचा उमेदवार, परभणी

मी परभणीत खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करीत आहे. माझी खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली होती, त्यामुळे डॉक्टरांनी हिरडी उघडून, थोडे हाड कोरून ती तुकड्यांनी काढली आणि टाके घातले. आज चौथा दिवस आहे. सूज उतरू लागली आहे, पण तोंडात जेमतेम दोन बोटे जातात. पेज आणि बिस्किटे यांवरच राहिल्यामुळे अंगात त्राण उरलेले नाही. मैदानावरचे मित्र म्हणतात की दाढ तोंडातली आहे, पायांना काय झाले? मैदानी चाचणीत 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक आहे, आणि सराव तुटल्याची धास्ती वाटते. धावणे व गोळा यांपैकी काय केव्हा सुरू करावे आणि खाणावळीत भाकरी व ठेचाच मिळत असताना जेवणाचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – दंतवैद्य, नांदेड

पायांना काही झालेले नाही हे खरे, परंतु धावताना नाडी आणि रक्तदाब वाढतात आणि त्याचा ताण जखमेवर येतो. दाढ निघाल्यावर उरलेल्या खाचेत रक्ताची गुठळी धरते व तिच्याखाली हाड झाकलेले राहते. ती अकाली विरघळली किंवा निसटली, तर हाड उघडे पडते आणि कानापर्यंत जाणारा ठणका व तोंडाला दुर्गंधी सुरू होते. यालाच आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. हा त्रास बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उद्भवतो आणि वरच्यापेक्षा खालच्या दाढेत अधिक आढळतो, म्हणजे तुम्ही सध्या नेमक्या त्याच दिवसांत आहात. स्ट्रॉने ओढून पिणे, जोराने थुंकणे, विडी आणि तंबाखू ही कारणे व्यायामापेक्षाही मोठी आहेत. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी खाच भरत असताना तो तोंडात ठेवणारे रुग्ण आजही येतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

आजपासून सपाट रस्त्यावर सावकाश चालण्यास हरकत नाही. आठवडा उलटल्यावर, वेदनाशामक गोळी न घेता दिवस जात असेल आणि रक्त अजिबात येत नसेल, तर हळू धावून पाहावे. पाऊल आपटताना खाचेत ठणका जाणवला, तर त्या दिवशी तिथेच थांबावे. गोळी घेऊन ठणका दाबायचा आणि धावायचे, असे करू नये, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच तुम्ही बंद करता. शिवाय आयबुप्रोफेन वर्गातील गोळ्या आणि उन्हातील पाण्याची कमतरता ही जोडी मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

गोळा मात्र धावण्यानंतर. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा असतो, आणि तो फेकताना आपण श्वास रोखतो व दात घट्ट आवळतो. तुमच्या जबड्याचे हाड कोरलेले आहे, त्यामुळे गोळा, डिप्स आणि वजने यांना दोन आठवडे तरी लांब ठेवावे. कबड्डी आणि कुस्तीचा विचार महिनाभराने, तोही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा. खालची दाढ काढल्यानंतर जबडा मोडण्याचे प्रकार फार क्वचित घडतात, पण जे घडतात ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे रुग्णाला आपण बरे झालो असे वाटून तो कडक पदार्थ चावू लागतो तेव्हा.

तोंड तीन बोटांइतके उघडले पाहिजे. त्यासाठी गालाला बाहेरून कोमट शेक द्यावा व दिवसातून काही वेळा, सोसेल एवढेच, तोंड उघडण्याचा सराव करावा.

उत्तर – खाणावळवाल्या काकू, परभणी

पेज आणि बिस्किटांवर धावणाऱ्या माणसाचे भागत नाही. तुमचा अशक्तपणा दाढेपेक्षा उपासमारीचा अधिक आहे, असे मला वाटते. खाणावळीत आधी सांगून ठेवले, तर ज्वारीच्या कण्या ताकात मऊ शिजवून देणे कोणालाही जड नाही. मुगाची पातळ खिचडी तूप घालून, बिनमिरचीचे सैलसर पिठले, घट्ट वरण, दही, कुस्करलेले केळे आणि दुधात कालवलेले सातूचे पीठ चालते. अंडी खात असाल तर मऊ भुर्जी करावी, कारण एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यासाठी चावावे लागत नाही. सर्व पदार्थ कोमट करूनच घ्यावेत.

ठेच्यापेक्षा मला कारळाच्या व जवसाच्या चटणीची अधिक भीती वाटते. ठेचा झोंबतो म्हणून माणूस आपोआप दूर राहतो, पण चटणीचे बारीक कण खाचेत जाऊन बसतात आणि निघत नाहीत. शेंगदाण्याच्या कुटाचेही तेच. भाकरी सुरू करायची तेव्हा पापुद्रा काढून, वरणात भिजत ठेवून, उजव्या बाजूने खावी.

उत्तर – मैदानी सराव घेणारा, लातूर

डॉक्टरसाहेबांशी सहमत आहे. दहा-बारा दिवसांच्या विश्रांतीने 1600 मीटरचा दम फारसा कमी होत नाही. तो कमी होतो तो परतल्यावर पहिल्याच दिवशी वेळ लावून धावल्यामुळे, कारण मग स्नायू धरतात आणि पुढचा आठवडा वाया जातो. पहिले काही दिवस घड्याळ खोलीवर ठेवावे, ऊन चढण्याआधी मैदानावरून परतावे आणि 100 मीटरचे झपाटे शेवटी घ्यावेत. आणखी एक सुचवतो: लवंगेच्या तेलाचा बोळा खाचेत ठेवला, तर आमच्याकडील मुलांना आराम पडतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काकू, आजच खाणावळीत सांगतो. डॉक्टरसाहेब, खाचेत पांढरट-पिवळसर थर दिसतो आहे. तो पू असेल का? आणि अन्न अडकले तर काडीने काढावे का?

उत्तर – दंतवैद्य, नांदेड

दुखणे दिवसागणिक कमी होत असेल, तर तो थर बहुधा जखम भरण्याचाच भाग असतो. त्याला काडी किंवा बोट लावू नये. जेवणानंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात घेऊन मान हलवावी आणि ते थुंकण्याऐवजी बेसिनमध्ये गळू द्यावे. लवंगेचे शुद्ध तेल उघड्या जखमेत घालू नये, त्याने ऊती भाजतात. सरांचा हेतू चांगला आहे, पण औषधाची पट्टी लागलीच, तर ती दवाखान्यात भरून घ्यावी. मिश्रीही लावू नये. वरून हिरडी जुळायला तीन-चार आठवडे लागतात आणि आतील हाड भरायला काही महिने, त्यामुळे खळगा दिसत राहिला म्हणून घाबरू नये. मात्र उतरलेली सूज पुन्हा वाढली, ताप आला, गिळताना त्रास झाला किंवा खालचा ओठ अजूनही बधिर असेल, तर टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे जावे, आणि ते गावात नसतील तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावे.