डिझेल बुलेट घ्यावी का? मदत हवी आहे

राजेहो, सल्ला पाहिजे. काटोलजवळ एका संत्र्याच्या बागेत, गोठ्यात, एमएच ३१ पासिंगची डिझेल बुलेट उभी आहे. एन्फिल्डची टॉरस, ३२५ सीसी. किक मारली तर कॉम्प्रेशन लागतं, म्हणजे इंजिन जाम नाही. टाकी मात्र आतून गंजलेली, इंजेक्टर-पंपाचा भरवसा नाही अन् सीटमध्ये उंदरांचं घरटं. गंजाचं काय, निघतो. खरी धास्ती कागदांची: १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन कधीच संपलं, आरसी मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. मालक ४० हजार म्हणतो. ही गाडी जोरात पळत नाही हे ठाऊक आहे; मला ती डिझेल इंजिनाची ठकठकच ऐकायची आहे. नागपुरात हे इंजिन खोलणारा मिस्त्री कोणाच्या ओळखीत आहे का? अन् आधी वारसाच्या नावावर आरसी, मगच पैसे, असंच करू ना?