जर्मनीत पोस्टडॉक घ्यायचाय: ब्लू कार्ड की १८डी?

ड्रेस्डेनची_ताई
नमस्कार मंडळी. मी इथे एका छोट्या संस्थेत रिसर्च ग्रुप चालवते, पहिल्यांदाच पुण्याहून एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, घेतेय, मुलगा खूप हुशार आहे, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे पण ग्रँटमध्ये पूर्ण पगाराच्या ६५ टक्केच बसतोय. आमच्या एचआरवाल्या बाई म्हणतात ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) करा, सगळे तेच करतात. मी वाचलं की इथल्या निवास कायद्यात संशोधकांच्या परवान्यासाठी कलम १८डी वेगळं आहे. काय करू? त्याची बायकोपण येणारे, ती ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली परीक्षा, पास झाल्याशिवाय व्हिसा मिळणार नाही या धास्तीने मॅक्सम्युलर भवनात क्लास लावलाय. मी आले तेव्हा कागदांच्या घोळात चार महिने बिनपगारी गेले होते, त्याच्यावर ती वेळ येऊ नये एवढंच.

म्युनिककर
ताई, ६५ टक्क्यांत ब्लू कार्ड बसणार नाही, त्याला किमान पगाराची अट असते आणि तो आकडा दरवर्षी बदलतो. १८डीला असा ठरलेला आकडा नाही, पगारात त्याचं भागलं पाहिजे आणि हेल्थ इन्शुरन्स पाहिजे. कामगार एजन्सीची संमती पण लागत नाही. मुख्य कागद म्हणजे आउफनामेफेराइनबारुंग, संस्था आणि संशोधक यांच्यातला करार, त्यात प्रोजेक्ट, मुदत, कामाचे तास, पगार सगळं येतं. एचआरला आजच विचारा की संस्था बाम्फची (जर्मनीचं केंद्रीय स्थलांतर कार्यालय) मान्यताप्राप्त आहे का. असेल तर अर्जापासून ६० दिवसांत परवाना द्यायचा असं कायद्यातच आहे. नसली तरी १८डी मिळू शकतो, फक्त ती ६० दिवसांची हमी नाही. अजून एक, करार संपल्यावर माणूस बेकायदा राहिला तर सहा महिन्यांपर्यंतचा सरकारी खर्च संस्था भरेल असं लिहून द्यावं लागतं, त्याला एचआरवाले घाबरतात. पण संस्था मुख्यतः सरकारी पैशावर चालत असेल तर हे सहसा मागत नाहीत.

सांगलीची_बायोकेमिस्ट
१८डीवाल्याच्या बायकोला ए-वन लागत नाही!! माझ्या नवऱ्याने परीक्षेसाठी अर्जच थांबवून ठेवला होता, आमचे पाच महिने फुकट गेले आणि मग कळलं गरजच नव्हती. क्लास जरूर करू दे, इथे दुकानात, डॉक्टरकडे भाषा लागतेच, पण अर्ज थांबवू नका. आल्यावर तिला नोकरी पण करता येईल.
आणि ताई, त्याला काँट्रॅक्टच द्या, स्टायपेंड नको. १८डीवर कायमच्या परवान्यासाठी तीन वर्षं आणि ३६ महिन्यांचा पेन्शनचा हप्ता भरलेला लागतो, शिवाय बी-वन पातळीचं जर्मन. माझी पहिली दोन वर्षं स्टायपेंडवर गेली, पेन्शनमध्ये एक सेंट नाही, त्यामुळे मोजणी तिथून पुढे सुरू झाली. कुणी आधी सांगितलंच नाही.

ड्रेस्डेनची_ताई
बापरे, पेन्शनचं मलाही माहीत नव्हतं. काँट्रॅक्टच आहे, सुटलो. पण दुसऱ्या वर्षी त्याला पाच महिने कोपनहेगनला प्रयोगांसाठी पाठवायचंय, याच परवान्यावर चालेल ना?

म्युनिककर
नाही चालणार. २०१६च्या युरोपियन नियमाने ३६० दिवसांत १८० दिवस दुसऱ्या सदस्य देशात संशोधन करता येतं, पण डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. फ्रान्समधलं ग्रेनोबल असतं तर जमलं असतं, तिथल्या ऑफिसला आधी कळवायचं काम असतं ते केलं की झालं. कोपनहेगनसाठी डॅनिश परवाना वेगळा बघा, तिथल्या ग्रुपला आत्ताच लिहा.

ड्रेस्डेनची_ताई
आजच लिहिते. आणि त्याच्या बायकोला आधी फोन करते, ती बिचारी रात्री जागून जर्मन नामांची लिंगं, डेर-डी-दास, पाठ करतेय.